उत्तर सागरी मार्ग : अंतर वाचते, हिशेब मात्र जुळत नाही

तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून गोव्यातील वास्कोतल्या आमच्या मालवाहतूक कार्यालयात गिऱ्हाइके हमखास विचारतात की, आफ्रिकेला वळसा घालण्यापेक्षा रशियाच्या उत्तर किनाऱ्याने माल का पाठवू नये? त्या मार्गाचा परवाना आणि बर्फफोड्या जहाजांची सोबत ही सेवा रोसाटोम ही रशियन सरकारी अणुऊर्जा संस्था पुरवते. भाडे भरणाऱ्याच्या बाजूने तिचे हे परीक्षण.

अंतराचा दावा खरा आहे. योकोहामा ते रॉटरडॅम हा प्रवास सुएझमार्गे सुमारे २०,००० किलोमीटरचा, तर उत्तरेकडून १३,०००च्या आसपास आहे. पण सोबतीचे शुल्क जहाजाचे ग्रॉस टनेज (एकूण आकारमान), त्याचा हिमवर्ग (बर्फात चालण्याची क्षमता), मार्गाचे ओलांडायचे विभाग आणि हंगाम पाहून आकारले जाते. त्यात विम्याचा जादा हप्ता मिळवावा लागतो, आणि बर्फासाठी मजबूत बांधलेले महागडे जहाज उरलेले महिने साध्या पाण्यातही तोच जड सांगाडा ओढत इंधन जाळते.

खरी अडचण आकाराची आहे. ‘आर्क्तिका’ वर्गाचे अणुचलित बर्फफोडे जहाज ३४ मीटर रुंद, म्हणजे त्याने फोडलेली वाटही साधारण तेवढीच. शिवाय याच मार्गावरच्या सान्निकोव सामुद्रधुनीत पाणी जेमतेम १३ मीटर खोल. सुएझमधून जाणारी मोठी कंटेनर जहाजे ६० मीटरच्या घरात रुंद असतात, आणि दर कंटेनरमागचा खर्च खाली येतो तो त्या आकारामुळेच.

वक्तशीरपणात ही सेवा सपशेल कमी पडते. २०१८ मध्ये मर्स्क कंपनीचे ‘व्हेंटा मर्स्क’ हे कंटेनर जहाज या मार्गाने सुखरूप गेले, तरी नेहमीच्या मार्गाला हा व्यापारी पर्याय नाही, असेच कंपनीने सांगितले. २०२१च्या नोव्हेंबरात बर्फ लवकर धरला आणि सुमारे वीस जहाजे अडकून पडली. दर आठवड्याच्या ठरल्या वारी बंदराला लागणाऱ्या कंटेनर सेवेला हे परवडणारे नाही.

उत्तर रशियातल्या यामाल द्वीपकल्पाच्या द्रवरूप नैसर्गिक वायूला मात्र हा मार्ग मानवतो, कारण तिथले साबेता बंदर याच मार्गावर आहे आणि मुरगावातून खनिज जाते तसा तो माल जहाजभर एकाच खरेदीदाराकडे जातो.

गोव्यातल्या निर्यातदाराने तर याचा विचारच करू नये. इथून युरोपला उत्तरेकडून जायचे, तर आधी मलाक्का आणि मग बेरिंग सामुद्रधुनी गाठावी लागते. अंतर घटण्याऐवजी कितीतरी वाढते. सुएझ धोक्याचे असेल तेव्हा केपचाच, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या मार्गाचाच, दर घ्यावा आणि वाढीव दिवस खरेदीदाराशी होणाऱ्या करारात आधीच लिहून घ्यावेत.