स्ट्रोक युनिट: आत जाताना पाच तारे, निघताना तीन

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा नेलं त्या रुग्णालयाच्या स्ट्रोक युनिटबद्दल लिहितेय.

दारात पहिला प्रश्न आला तो पैशांचा नव्हता. "शेवटच्या ठणठणीत कधी होत्या?" मी म्हटलं, सातला केस विंचरताना उजव्या हातातून कंगवा गळला. "ते दिसलं तेव्हा. त्याआधी नीट कधी बोलल्या?" पावणेसातला. नर्सने तीच वेळ लिहून घेतली. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि मोजणी तिथूनच धरतात. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर झोपण्याआधीची वेळ सांगायची.

हसायला लावलं, दोन्ही हात उचलायला लावले, बोटाला टोचून साखर पाहिली (साखर उतरली तरी बोलणं असंच अडखळतं) आणि थेट सीटी स्कॅन. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. शेजारच्या काकांनी ॲस्पिरिन पुढे केली होती (रक्तस्राव असेल तर तिने तो वाढतो), ती मी घेऊ दिली नव्हती ती याचसाठी. रक्तस्राव नव्हता, इंजेक्शन मिळालं. वरचं बीपी १७० होतं, तरी ते घाईने उतरवलं नाही. अडलेल्या भागाकडे थोडंफार रक्त त्याच दाबावर पोचत असतं, असं डॉक्टरांनी नीट समजावलं.

सासूबाई सारख्या पाणी मागत होत्या. नर्स ढिम्म हलली नाही. आधी गिळण्याची तपासणी: चमचाभर पाणी, मग ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का, ते बघायचं. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची भीती. नणंदबाई भडकल्या, पण मी नर्सच्या बाजूने.

फिजिओथेरपिस्टही उत्तम. लुळ्या हाताला धरून उठवायचं नाही, खांदा निसटतो, हे तिने घरातल्या प्रत्येकाकडून करून घेतलं.

तारे कापले ते डिस्चार्जचे. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले, गुठळी बहुधा तिथूनच आलेली. म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी चुकवून चालणारच नाही. आणि हे सांगितलं कसं, तर लिफ्टपाशी उभ्या उभ्या, दुसऱ्या पेशंटची फाइल चाळत! गोळी कशासाठी, राहून गेली तर काय करायचं, कुठे रक्त दिसलं तर कुणाला फोन करायचा, एवढं एका कागदावर लिहून दिलं असतं तरी चौथा तारा दिला असता.