जुन्या ८०० चा एसी आर-१३४ए वर नेला: परभणीतला उन्हाळा-पावसाळा काढून झाल्यावर

जुन्या मारुती ८०० च्या एसीत गार करणारा आर-१२ गॅस होता, त्याच्या जागी आर-१३४ए भरला. आधी निकाल सांगतो. गाडी पळत असेल तर परभणीच्या मे महिन्यातही आत बसवतं. रेल्वे फाटकावर अडकलो की पाच-दहा मिनिटांत हवा कोमट व्हायला लागते. एवढं चालणार असेल तर पुढचं वाचा.

गाडी १९९४ ची मारुती ८००, एसी मॉडेल, पासिंग एमएच २२. मामांची गाडी, आता माझ्याकडे. तिच्यात आर-१२ गॅस होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारे हे सीएफसी गॅस जगभर मागे पडत गेले. भारत १९९२ मध्ये करारात आला आणि २०१० पर्यंत इथलं उत्पादनही थांबलं. त्यामुळे आज कुणी 'ओरिजिनल आर-१२ आहे आपल्याकडं' म्हणालं तर त्या टाकीत काय आहे ते देवच जाणे. एका दुकानात मला प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण सुचवलं, 'डायरेक्ट बसतंय, काही बदलायचं नाही' म्हणून. गार चांगलं करतं ते, खोटं कशाला बोला. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते. ती गळली तर जळणारा गॅस थेट पायाशी. तिथून हात जोडून निघालो.

काम केलं स्टेशनकडच्या एका चाचांनी. गॅसचा भाव विचारला तर म्हणाले, "मास्तर, गॅस तो आखिर में डालना है, पहले पुराना तेल निकालने दो." कॉम्प्रेसर उतरवून त्यांनी तो उलटा केला, तर काचेच्या ग्लासात काळपट हिरवं तेल उतरलं, तळाशी धातूचा बारीक चुरा. आर-१२ बरोबर मिनरल तेल चालतं. आर-१३४ए त्याच्यात मिसळत नाही, मग तेल कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी) तळाशी पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. 'नुसता गॅस टाकून देतो' म्हणणाऱ्यांकडच्या गाड्यांचे एसी सीझनभरात का बंद पडतात, त्याचं एक मोठं कारण हेच. आम्ही आर-१३४ए मध्ये मिसळणारं एस्टर तेल घातलं. पीएजी हे दुसरं कृत्रिम तेल आर-१३४ए च्या नव्या गाड्यांत असतंच, पण जुन्या गाडीत आर-१२ चा क्लोरीन थोडाफार उरतो आणि तो पीएजीला मानवत नाही.

लाइन फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, नायट्रोजन मारला. एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) नवा, जोडांवरच्या सगळ्या ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या, ओलावा शोषणारा ड्रायर आर-१३४ए ला चालणारा, एक्सएच-७ लिहिलेला. पाइप मात्र छत्रपती संभाजीनगरहून बॅरिअर होजचे (आत गॅस अडवणारा थर असलेली नळी) क्रिम्प करून आणले, कारण आर-१३४ए चा रेणू लहान, साध्या रबरातून तो हळूहळू निसटतो.

व्हॅक्यूमला, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून काढायला, घाई करू देऊ नका. पोकळी चांगली पडली की आतलं पाणी आपल्या साध्या हवेच्या तापमानालाच उकळून निघून जातं, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडची हवा त्याला भरपूर मदत करते. गेजवर मात्र पुस्तकातला पाऱ्याच्या २९.९ इंचाचा आकडा शोधत बसू नका. तो समुद्रसपाटीचा. परभणीच्या उंचीवर काटा साडेअठ्ठावीसच्या आसपास टेकतो. तिथं टेकल्यावर पंप बंद करून अर्धा तास तो हलत नाही ना, हे बघणं महत्त्वाचं.

गॅस वजनावर भरला, स्टिकरवरच्या आर-१२ च्या आकड्याच्या साधारण ८५ टक्के. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहायची जुनी सवय इथं घात करते, गॅस जास्त होतो आणि हाय साइडचं (कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचं) प्रेशर डोक्यावर जातं.

पैसे कुठं घालायचे असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून कंडेन्सर सांगेन. ६० अंशांना आर-१२ चं प्रेशर साधारण २०६ पीएसआय असतं, आर-१३४ए चं २२९. बाहेर ४३ अंश असताना कंडेन्सर साठच्या पुढे जायला वेळ लागत नाही, आणि ८०० चा जुना सापासारखा वळणाचा कंडेन्सर तिथं हात टेकतो. आम्ही पॅरलल फ्लोचा (एकाच वेळी अनेक नळ्यांतून गॅस नेणारा) बसवला, समोर एक जादा पंखा जोडला. तो पंखा नसता तर फाटकावर गाडीत बसवलंच नसतं.

आता आकडे. खिडकीजवळच्या जाळीत डिजिटल थर्मामीटर खोचून ठेवला होता. मे महिन्यात दुपारी, रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत), ताशी साठच्या वेगाला ११-१२ अंश. उभ्या गाडीत १८ च्या पुढे. मला वाटलं होतं पावसाळ्यात यापेक्षा खूप चांगलं होईल, पण फरक बेताचाच पडला. कारण गाडीखाली दिसलं. मे महिन्यात नळीतून कसंबसं एखादं थेंब पडायचं, जुलैत खाली डबकं साचायचं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कॉइलची सगळी ताकद हवा गार करण्यात जाते. पावसाळ्यात अर्धी मेहनत हवेतलं पाणी काढण्यातच संपते. म्हणून मुंबईकरांचे अनुभव वाचून आपला अंदाज बांधू नका, आणि माझा वाचून मुंबईत काम करू नका.

तुळजापूरला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात एसी बंदच ठेवावा लागला. ३७ बीएचपीच्या इंजिनाकडून चार माणसं, घाट आणि कॉम्प्रेसर असं सगळं मागणं बरं नाही. हे आर-१२ वरही असंच होतं, मामा ओव्हरटेकच्या आधी एसीचं बटण दाबायचे. मायलेज एसीसकट लिटरला दोनेक किलोमीटर घटतं.

तक्रार एक. ऑगस्टमध्ये गारवा कमी वाटला. कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली. तेल गॅसबरोबरच बाहेर येतं, त्यामुळे लीकेज शोधायला हीच खूण पुरते. ओ-रिंग बदलून पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा गॅस. चाचांनी मजुरी घेतली नाही. दुसरी गोष्ट देखभालीची: कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्यावरची सरकी-बोंडांची लव कंडेन्सरच्या पात्यांत अडकते. पाण्याचा हलका फवारा मारा, प्रेशर वॉशरवाल्याला जवळ येऊ देऊ नका, पाती आडवी होतात.

सगळा खर्च १५ हजारांच्या थोडा वर गेला, कॉम्प्रेसर जुनाच ठेवून. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ का नाही, असं भाच्यानं विचारलं. तो वातावरणाला फारच सौम्य, तर आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापवतो, म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर याचीही कपात ठरली आहे. पण आर-१२३४वायएफ महाग, थोडासा ज्वलनशील, आणि आमच्याकडे तो भरून देणारा कुणी भेटला नाही. आर-१२ च्या मानानं आर-१३४ए सुद्धा बराच बरा, ओझोनला तर धक्का नाहीच.

हे काम केलंत तर बॉनेटखाली जुन्या स्टिकरवर नवा स्टिकर नक्की चिकटवा: आर-१३४ए, एस्टर तेल, किती ग्रॅम, कोणत्या महिन्यात. आणि सर्व्हिस पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडावर) आर-१३४ए चे नवे क्विक कपलर बसवून घ्या, म्हणजे हायवेवरच्या एखाद्या अनोळखी दुकानात आर-१२ ची नळी तिथं बसणारच नाही.