विद्यार्थ्यांनी कुठलं बँक खातं घ्यावं: दोन खाती वापरून आलेला अनुभव

बारावीनंतर परभणीहून पुण्याला आले तेव्हा ॲडमिशनच्याच दिवशी कॉलेजच्या आवारात एका प्रायव्हेट बँकेने टेबल मांडला होता, पंधरा मिनिटांत खातं, ॲप एकदम भारी, आणि झिरो बॅलन्स आहे असं तिथल्या दादाने दोनदा सांगितलं म्हणून मी आधार दिलं, ओटीपी सांगितला आणि मोकळी झाले. ते झिरो बॅलन्स एकाच वर्षापुरतं होतं. दुसऱ्या वर्षी पप्पांनी मेससाठी पाठवलेल्या पैशातून मिनिमम बॅलन्सचा दंड कापला गेला तेव्हा कळलं, मेसेज आला होता पण जाहिरातींच्या ढिगात दिसलाच नाही. पप्पांना फोनवर सांगताना रडू आलं, ते पैसे कसे जमवतात ते मला माहितीये ना.

मग होस्टेलच्या एका ताईने सांगितलं की सरकारी बँकेत जा आणि नाव घेऊन बेसिक सेव्हिंग खातं माग, म्हणजे बीएसबीडी. यात मिनिमम बॅलन्स हा प्रकारच नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा, काढायचे मात्र महिन्यातून ४ वेळा फुकट, त्यापुढे चार्ज लागतो का आणि यूपीआय त्यात मोजतात का हे काउंटरवरच विचारून घ्या. आणि त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही. मला काउंटरवर आधी साधंच खातं घ्या म्हणाले, मी अडून बसले तेव्हा फॉर्म मिळाला. आधार, पॅन, बोनाफाईड, दोन फोटो, आणि दोन चकरा. तसं आता साध्या खात्यालाही बऱ्याच सरकारी बँकांत दंड राहिलेला नाही, स्टेट बँकेने २०२० मध्येच काढला, कॅनराने १ जून २०२५ पासून, म्हणजे चार वेळांची अट नको असेल तर तेही चालेल.

पण खरी गोष्ट स्कॉलरशिपची आहे, हे प्लीज नीट वाचा. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या साईटवर फॉर्म भरला, मंजूर झाला, मैत्रिणींचे पैसे आले आणि माझे नाहीत, रोज पासबुक भरून बघत होते. शेवटी कळलं की पैसे त्या जुन्या खात्यात पडलेत. डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे तुम्ही सांगाल त्या खात्यात नाही, आधार ज्या बँकेला सीड आहे, म्हणजे असे पैसे घेण्यासाठी नोंदवलेलं आहे, तिथे जातात, आणि एका वेळी एकच बँक सीड असते. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीड असणं वेगळं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या साईटवर आधार टाकून ओटीपी दिला की कुठली बँक सीड आहे ते दिसतं. मी नव्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दिला, काही दिवसांनी स्टेटस बदललं, पुढचा हप्ता बरोबर इथे आला.

आता वर्ष झालं. या बँकेचं ॲप स्लो आहे, रविवारी तर कधीकधी उघडतच नाही, आणि पासबुकचं मशीन निम्मा वेळ बंद. तरी एक रुपयाही दंड कापलेला नाही आणि मला तेवढंच पाहिजे होतं. ज्यांच्या घरून दर महिन्याला भरपूर पैसे येतात त्यांनी खुशाल प्रायव्हेट घ्यावं, सोय खरंच चांगली असते, पण वर्षभरानंतर किती बॅलन्स ठेवायचा ते लेखी घ्या. पैसे कुठल्याही एटीएममधून काढत बसू नका, फुकटचे व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी जातो.

जुनं खातं मी लगेच बंद केलं नाही, आधी सीडिंग बदललेलं दिसू दिलं, मग आत असलेली स्कॉलरशिप इकडे वळवली आणि ब्रँचमध्ये जाऊन अर्ज देऊन बंद केलं, पोच घेतली. माझा भाऊ यंदा दहावीत आहे, त्याचं खातं गावातच काढतोय, पोस्टमनकाका घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं काढून देतात, दोन लाखांच्या वर त्यात ठेवता येत नाहीत पण आमच्याकडे तेवढे नाहीतच, आणि सीडिंग मी स्वतः चेक करणार आहे.