जाऊबाईंची जुनी टॉप लोड वॉशिंग मशीन, तीन वर्षं वापरून

नागपूरच्या आमच्या मोठ्या जाऊबाई फ्लॅट बदलून राहिल्या होत्या तेव्हा त्यांनी ही मशीन भंगारात काढली होती, भंगारवाला १२०० रुपये देतो म्हणे. मी म्हटलं ताई, तेवढे मी देते आणि टेम्पोचं भाडंही मीच देते, पण भंगारात नका देऊ. अशी ती दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आली. आता तीन वर्षं झाली, दिवसाआड चालतेच, म्हणून लिहून राहिली. नव्या मशीनबद्दल पाहिजे तेवढं वाचायला मिळते, जुनी मशीन घरी आली तर तिचं-आपलं कसं जमवायचं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

पत्र्याची बॉडी, वरून झाकण, आणि टबच्या मधात उभा पंखवाला दांडा, ॲजिटेटर म्हणतात त्याला. आताच्या बऱ्याच टॉप लोडमध्ये तळाला चपटी चकती फिरते, यात हा दांडा अर्धा इकडे अर्धा तिकडे असा हलते. धुताना झाकण उघडं असलं तरी ही चालते, फक्त पिळायच्या वेळी झाकण लावावंच लागते, नाही तर टब फिरतच नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी स्टूल घेऊन बाजूलाच बसली. ह्यांचा निळा शर्ट दांड्याजवळून खाली गेला, दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळानं टबच्या कडेनं वर आला, मग पुन्हा दांड्याकडे सरकला. तेव्हा समजलं की कपडे वरून खाली, खालून वर असे फिरले तरच धुतल्या जातात. आजही मी तेच पाहते. वरचा कपडा खालीच जात नसेल तर कपडे जास्त झाले, दोन काढायचे. ओढणी आणि साडी मात्र दांड्याला गुंडाळते, ते हातानंच धुवा, माझी एक चांगली ओढणी फाटली त्यात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गोल खटका. डिस्प्ले नाही, टच नाही, आत बारकी मोटर असते ती हळूहळू हा खटका फिरवते, टिक टिक आवाज येते, आणि त्या त्या जाग्यावर आला की पाणी भरणं, धुणं, सोडणं, पिळणं एकेक चालू होते. आमच्याकडे लाईनचा काही भरवसा नाही. लाईन गेली की खटका आहे तिथंच थांबते, दोन तासांनी आली की तिथूनच पुढं. सकाळी लावून शेतात गेली आणि मधात लाईन गेली तरी जीवाला घोर नाही. फक्त खटका उलटा फिरवायचा नाही, नेहमी घड्याळाच्या काट्यासारखा, आणि फिरवताना मशीन बंद पाहिजे.

पाण्याचं सांगते. आमची टाकी स्लॅबवर, मशीनपेक्षा आठ-नऊ फूटच उंच, तेवढ्या उंचीनं दाब येते तरी किती, नळीतून पाणी बारीक धारेनं येते आणि टब भरायलाच अर्धा तास. मग मी नळीसोबत बकेटीनंही ओतायला लागली. मशीनला काही फरक पडत नाही, कारण ती पाणी नळीतून आलं की बकेटीतून हे पाहतच नाही. टबच्या बुडाशी एक बारीक रबरी नळी आहे, पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबल्या जाते, वर एक पडदा आहे तो दबते, टक् असा आवाज होते, पाणी बंद आणि दांडा चालू. तो टक् आला की मी बकेट खाली ठेवते.

याच नळीनं मागच्या पावसाळ्यात आम्हाला रडवलं. पाणी थांबेचना, टब भरून न्हाणीभर पाणी झालं. तालुक्याच्या एका मेकॅनिकनं पाहिलं न पाहिलं अन् पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह गेला म्हणून सांगितलं, २८०० रुपये. माझं मन मानेना. गावात मोटर भरणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना आणलं. ते म्हणाले, "बाई, पह्यले प्लग काढून पाय. प्लग काढल्यावरबी पानी येते त व्हॉल्व्ह गेला. थांबते त व्हॉल्व्ह चांगला हाय." प्लग काढला, पाणी थांबलं! मग त्यांनी मागचा पत्रा खोलला, ती बारीक नळी टोकाला चिरली होती, हवा निघून जात होती. चिरलेला बोटभर तुकडा कापला, नळी पुन्हा बसवली, झालं. पन्नास रुपये घेतले, तेही बळजबरीनं दिले.

आमचा भाग खारपाणपट्टा, पूर्णेच्या काठचा. बोरचं पाणी खारं आणि जड, साबणाच्या वडीला फेसच येत नाही, नुसता पांढरा साका बसते. पावडरनं बरं निघते. मी धुणं बोरच्या पाण्यात करते आणि शेवटचं खळबळणं नळाच्या गोड पाण्यात, शहानूर धरणाचं पाणी ज्या दिवशी येते त्याच दिवशी मशीन लावते. असं केलं नाही तर कपडे वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. महिन्यातून एकदा रिकाम्या टबात कोमट पाणी आणि निंबूसत टाकून फिरवते, त्यानं पांढरा थर सुटते. त्यात ब्लीच अजिबात टाकू नका, विषारी वायू होते. नळी जोडतो तिथं बारीक जाळी असते, तीही काढून जुन्या ब्रशनं घासत जा, आमची तर गाळानं पुरी बुजते.

पत्र्याची बॉडी म्हणून अर्थिंग पक्की पाहिजे. पहिल्या मे महिन्यात ओल्या हातानं झाकण धरलं की झिणझिण्या यायच्या, जमीन भेगाळून अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग नव्यानं करून घेतली, आणि आता हे उन्हाळ्यात खड्ड्यात नेमानं पाणी टाकतात.

फवारणीचे कपडे मी यात कधीच टाकत नाही. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले तेव्हापासून ते कपडे वेगळे, हातमोजे घालून, वेगळ्या टबात.

पाणी ही मशीन पुष्कळ पिते, हे खरंच आहे. टंचाईत मी धुण्याचं पाणी बकेटीत धरून न्हाणी-संडासाला वापरते. पिळताना पाय एकसारखे टेकले नसले तर चालत चालत दारापर्यंत येते, आमच्या फरशीवर एका पायाखाली रबराचा तुकडा द्यावा लागला. गोधडी टाकायची नाही. उन्हाळ्यात पिळलं नाही तरी चालते, ऊनच एवढं की तासाभरात कपडे खडखडीत, पण श्रावणात पिळून निघालेला कपडा हातात घेतला की लय बरं वाटते.

सासूबाई पहिले म्हणत होत्या, "मशीनीत धुतलेलं का धुतलेलं असते का वो?" आता आपलं लुगडं हातानं धुतात, पण चादरी स्वतः आणून टबात टाकतात, आणि तो टक् ऐकला की मला हाक मारतात.

ज्यांच्या घरी अशी जुनी, खटकावाली मशीन बंद पडून आहे त्यांनी ती विकायच्या आधी प्लग काढून, मागचा पत्रा खोलून, ती बारीक नळी आणि मोटरचा बेल्ट एकदा पाहून घ्या. आमचा बेल्ट ३५० रुपयात बदलून झाला, अमरावतीहून आणावा लागला तेवढंच.