बंबाला आंबा की बाभूळ?

गीझर भिंतीवर असूनही हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायला लाकडांचा बंब पेटवणारी घरं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून आहेत, त्यांतलंच आमचं. टालवर, म्हणजे आमच्याकडच्या वखारीत, माझ्यापुढे बहुधा दोनच सरपणं येतात. मी दोन्ही जाळून पाहिली आहेत.

आंबा कुऱ्हाडीच्या दोन घावांत फुटतो, कागदाचा बोळा आणि चार काटक्यांवर पेट घेतो. होमालाही तोच लागतो. बाभळीत गाठ आली की पाचर मारावी लागते, एखादा काटा राहिलेला असतोच, आणि खाली चांगला विस्तव झाल्याशिवाय ती दाद देत नाही.

तरी माझं मन फिरलं ते एका नरकचतुर्दशीला. घरात सात माणसं, मी अंगाला तेल लावून पाटावर. न्हाणीतून आईची हाक, "अरे, बंब विझत आलाय!" तेलकट हातांनी उठलो, ढलप्या टाकल्या, येऊन बसलो. पुन्हा हाक. आंबा भडकतो आणि बसतो, मागे निखारा असा राहतच नाही. तीनदा उठलो, उटणं अंगावरच वाळलं. पुढच्या वर्षी बंबाच्या मधल्या नळकांड्यात, जिथे जाळ असतो तिथे, बाभळीच्या मनगटाएवढ्या चार चिरफळ्या सोडल्या. तिसऱ्याची आंघोळ उरकली तरी जाळीवर निखारे लाल होते. मोजमाप काही केलं नाही, पण त्या पहाटे मी एकदाच उठलो.

किलोला किलो धरलं तर वाळलेल्या दोन्ही लाकडांची धग जवळपास सारखीच. पण बाभूळ जड, तेवढ्याच नळकांड्यात जास्त लाकूड मावतं.

मात्र ओली बाभूळ ओल्या आंब्याइतकीच छळते. टोकाला फेस येतो, चरचर होते आणि धूर जाऊन बसतो वाळत घातलेल्या धुण्यात. शिवाय टालवर विक्री वजनावर, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच मोजायचे. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत, वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. मी एप्रिलातच घेऊन, फोडून पत्र्याखाली रचतो, बाजू उघड्या ठेवून. पुढचं काम इथली लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा, करते.

घरात दोनच माणसं असतील तर खुशाल आंबा घ्या, तेवढ्याला तो पुरतो. आमच्या पत्र्याखाली सध्या बाभूळ आहे आणि कोपऱ्यात आंब्याच्या ढलप्यांचं एक पोतं, पेटवणापुरतं.