दयारा करावं का आली-बेदिनी? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

उत्तराखंडला पहिल्यांदा जायचंय तर दयारा बुग्याल करावं का आली-बेदिनी, असं बरेच जण विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बुग्याल म्हणजे झाडं संपली की वर लागणारी कुरणं, साधारण ११-१२ हजार फुटांवर. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळं फोटो बघून ठरवू नका, आभाळ फिरलं तर पळायचं कुठं हे बघून ठरवा.

कारण तिथं आपली अवकाळी रोजची आहे. सकाळी लख्ख ऊन, मग उतार तापतात, दरीतली हवा वर चढायला लागते आणि दुपारपर्यंत ढग जमलेच म्हणून समजा. मे-जूनमधे गारा अन् विजा काही नवीन नाहीत. वीज कडाडली की एकट्या झाडाखाली थांबू नको म्हणून आपल्याकडं पोरांना ओरडतात, इथं तर झाडच नाही, त्या माळावर सगळ्यात उंच तुम्हीच!

दयारा उत्तरकाशी जिल्ह्यात, बार्सू नाहीतर रैथल गावातून वर जायचं. वाट बरीचशी जंगलातून, चढ बेताचा, वर गेलं की समोर बंदरपूंछ शिखर. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे ढग दिसले की मागं फिरून लवकर दाट झाडीत उतरता येतं. डेहराडूनवरून गाडीनं एका दिवसात पायथ्याला पोचता.

आली-बेदिनी चमोलीत. ऋषिकेशवरून लोहाजंगला पोचायलाच अख्खा दिवस जातो, घाटात गाडी लागणाऱ्यांचे हाल विचारू नका. वाण गावातून निघून नीलगंगा ओलांडली की गैरोली पाताल या जंगलातल्या मुक्कामापर्यंत दम काढणारा चढ. २०१८ साली उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली (केस याच आली-बेदिनीची होती), त्यामुळं तंबू खाली जंगलात, आणि बेदिनी, तिथून आली बुग्याल, परत खाली हे सगळं एका दिवसात. बेदिनी ते आली पट्टा लांबलचक उघडा, मधेच गारा लागल्या तर आडोसा नाही. पण खरं सांगू, देखणं हेच जास्त, ७,१२० मीटरचं त्रिशूळ असं अंगावर आल्यासारखं दिसतं की दयारा फिकं वाटतं.

म्हणून आई-बाबा, पोरं सोबत असतील किंवा पहिलीच वेळ असेल तर डोळे झाकून दयारा. गुडघे चांगले असतील अन् पहाटे अंधारात निघायची तयारी असेल तरच बेदिनी, तेही ऑक्टोबरात, आभाळ स्वच्छ असतं तेव्हा, गवत पिवळं पडलेलं असलं तरी. जुलै-ऑगस्टला हिरवळ भारी असते पण रस्ते खचतात, ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्याच धराली गावात पुराच्या लोंढ्यानं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कपड्यांचं म्हणाल तर हजार मीटर चढलं की साधारण सहा डिग्री उतरतात, परभणीचं ऊन डोक्यात ठेवून बॅग भरू नका. कॉटनचे टीशर्ट भिजले की वाळत नाहीत. हातमोजे सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा, कारण गारांनी बोटं बधिर झाली की साधी चेन ओढता येत नाही. सराव म्हैसमाळला करा, पण तिथली उंची हजार मीटरच्या आसपास, पाय तयार होतील, विरळ हवेची सवय नाही होणार.

जायला नांदेडवरून सचखंड एक्सप्रेस आहेच, परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्ली. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर त्याच सकाळी बसा.