पुरानंतरची मदत कोणाच्या हाती द्यावी? लंगर, देवस्थान, जमात, चर्च की आपलाच टेम्पो

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर पूर बघायला काठावर जमतात. पाणी गळ्याशी आलं की सराफ बाजार, भांडी बाजारात सामान हलवायची धावपळ सुरू होते. आणि पाणी ओसरलं की आमच्या पंचवटीतल्या भजनी मंडळात एकच विषय असतो: जमलेली वर्गणी द्यायची कोणाकडे? तुमच्या मंडळात, सोसायटीत किंवा घरात हाच प्रश्न असेल, तर आम्ही धडपडत जे शिकलो ते सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत, पण घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असलेलं हवं. गंगापूर धरणाचा विसर्ग कमी झाला की नाशिक शहरातलं पाणी बहुतेक वेळा दोन दिवस व्हायच्या आतच उतरतं. धान्य, गाद्या, मुलांची दप्तरं सगळं गेलेलं असतं, तरी घर निकषात बसत नाही. राज्य सरकार कधी शासन निर्णय काढून ही अट शिथिल करतं, पण तो निघून पंचनामा होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत चूल थांबत नाही. श्रद्धेतून उभी राहणारी मदत खरी कामाला येते ती याच मधल्या दिवसांत.

पहिल्या तीन दिवसांसाठी माझं मत स्पष्ट आहे: लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सर्वांसाठीचं मोफत जेवण. गुरुद्वाऱ्याकडे मोठी पातेली, शेगड्या, रोज शेकडो माणसांना जेवू घालायची सवय आणि हाक मारली की येणारे सेवेकरी आधीपासून असतात. आपल्या जिल्ह्यात मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, तिथं जेवलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. पंगतीत कोणाला नाव-गाव विचारत नाहीत. घर चिखलात असलेल्या बाईला कोरडा शिधा देऊन उपयोग नसतो, पेटवायला कोरडं सरपण नाही आणि सिलिंडर गाळात रुतलेला. तिला शिजलेलं अन्न लागतं. इथं तुम्ही पीठ, डाळ, तेल थेट द्या, पण काय हवंय ते फोनवर विचारून.

मोठ्या देवस्थानांचं गणित वेगळं आहे. शिर्डीचं साईबाबा संस्थान २००४ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं. इतर न्यासांनाही विश्वस्तांचा ठराव, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब हे सगळं पाळावं लागतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून त्यांची रक्कम मोठी असते, पण बऱ्याचदा मुख्यमंत्री सहायता निधीच्या वाटेनं जाते. तुमचे पाच हजार त्याच निधीत घालायचे असतील तर स्वतः घाला. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत तिथं शंभर टक्के वजावट मिळते, बहुतेक न्यासांना दिलेल्या देणगीवर पन्नास टक्के. २,००० रुपयांवर रोख दिली तर वजावट नाही, आणि वस्तूंवर तर नाहीच.

मशिदी आणि जमाती, म्हणजे मुस्लिम समाजाच्या स्थानिक संघटना, यांची ताकद मोहल्ल्यात आहे. कोणत्या गल्लीत एकटी म्हातारी राहते, कोणाचा हातगाडा वाहून गेला, हे तिथल्या माणसांना यादी न बघता माहीत असतं. जकातीचा, म्हणजे इस्लाममधल्या बंधनकारक दानाचा पैसा कोणाला द्यायचा याचे आठ वर्ग ठरलेले आहेत. सदक्याला, म्हणजे स्वेच्छेच्या दानाला, तसं बंधन नाही, तो कोणत्याही धर्माच्या घरात जाऊ शकतो. देताना तेवढं बोलून घ्या, कोणाला राग येत नाही.

चर्चशी जोडलेल्या संस्थांची शिस्त मला आवडते. कारितास इंडिया १९६२ पासून आहे. मदतीच्या बदल्यात धर्माचा प्रचार करायचा नाही, हे कलम असलेल्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेच्या प्रवर्तकांत त्यांची जागतिक संघटना होती. आधी पाहणी, मग यादी, मग वाटप अशी ही पद्धत. त्यामुळे पहिल्या दिवशी उशीर होतो, पण महिन्याभरानंतर घर उभं करायच्या वेळी तीच उपयोगी पडते.

त्याही पुढचा पल्ला पाहायचा तर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वर्तमानपत्रातून भूकंप गेला, तरी ही मुलं शिकत होती.

आणि आपला टेम्पो? २०१९ च्या ऑगस्टमध्ये निफाड तालुक्यातल्या चांदोरी-सायखेड्याला पाणी शिरलं तेव्हा आम्ही जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन निघालो. दारणा मिळाल्यावर गोदेचं पात्र तिथं फुगतं, पुढं नांदूरमधमेश्वरचा बंधारा, त्यामुळे पाणी शहरापेक्षा जास्त रेंगाळतं. आम्ही पोचलो तर शाळेच्या व्हरांड्यात आमच्याआधी आलेल्या साड्यांचा ढीग ओला होऊन वास मारत होता. एक बाई म्हणाली, "ताई, साडी नको, खराटा आणि फावडं आहे का?" आमच्याकडे नव्हतं. परतताना कोणी बोललं नाही. टेम्पो नेणारच असाल तर फावडी, खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं, ताडपत्री न्या, आणि गावातल्या कोणाला तरी आधी विचारा.

कोणतीही वाट निवडा, पण वाटप एकदा स्वतः बघून या. किट हातात देण्याआधी धर्म विचारला जातो का, घोषणा किंवा प्रार्थना म्हणायला लावतात का, बाईनं मान खाली घातलेली असताना फोटो काढतात का. यातलं एक जरी दिसलं, तरी आमचं मंडळ तिथं पुन्हा पैसे देत नाही, मग संस्था आमच्याच देवाची का असेना.

यंदा आमच्याकडे तीस हजार आहेत. पूर आलाच तर दहा हजारांचा किराणा लंगरला लगेच जाईल. उरलेले वीस पंधराव्या दिवसापर्यंत हातात ठेवायचे ठरलंय. त्या दिवशी सायखेड्यातल्या ओळखीच्या दोघी-तिघींना फोन लावून विचारू, कोणाच्या घरात अजून चूल पेटलेली नाही.